मोटारीच्या अंतर्भागातील कापडावरचे डाग काढणे

मोटारीच्या अंतर्भागातील कापडावरचे डाग काढणे म्हणजे आसने, दारांची आतील बाजू, छताचे अस्तर, पायाखालचा गालिचा आणि सीटबेल्ट यांवर पडलेले डाग, ते कापड जागेवरून न काढता, नाहीसे किंवा फिकट करण्याची क्रिया होय. घरातील कपड्यांच्या धुलाईपेक्षा ही क्रिया दोन बाबतींत वेगळी आहे. कपडा बादलीत बुडवता येतो, खळबळून पिळता येतो आणि दोरीवर वाळत घालता येतो. मोटारीतील कापड मात्र खालच्या फोमला किंवा गोंदाच्या थराला जखडलेले असते आणि त्याखाली विजेच्या तारा व सुरक्षा-यंत्रणा असतात. दुसरे असे की, हे काम बंदिस्त, लहान जागेत होते. तेथे वापरलेल्या द्रव्यांच्या वाफा साचून राहतात. यामुळे मूळ डागापेक्षा तो काढण्याच्या प्रयत्नानेच अधिक हानी झाल्याची उदाहरणे नेहमी आढळतात: पाण्याचे कडे उमटणे, रंग उडणे, छताचे अस्तर सुटणे, बुरशी लागणे आणि क्वचित विषारी वायूची बाधा किंवा आग.

कापड आणि त्याखालचे थर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंद मोटारींच्या आसनांना लोकर, मोहेर किंवा चामड्याचे आवरण असे. ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली पॉलिएस्टर तंतूचे एकस्व नोंदवले. पुढे हा स्वस्त, घर्षण आणि ऊन सोसणारा तंतू मोटारींच्या आसनांसाठी सर्वाधिक वापरला जाऊ लागला. आज बहुतेक कापडी आसने पॉलिएस्टरची, तर गालिचे नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. महागड्या गाड्यांत आढळणारे मखमलीसारखे कृत्रिम स्वेड हेही मूलतः पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेन यांचे मिश्रण असते.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. सर्वसाधारण हवेत कापसाच्या तंतूत वजनाच्या सुमारे ८ टक्के, नायलॉनमध्ये सुमारे ४ टक्के, तर पॉलिएस्टरमध्ये केवळ ०.४ टक्के ओलावा असतो. यामुळे पाण्यात विरघळलेले डाग पॉलिएस्टरवर तुलनेने वरवर राहतात. मात्र याच गुणधर्माची दुसरी बाजू अशी की, पाण्याला दूर ठेवणारा हा तंतू तेलाला जवळ करतो. सुती सदऱ्यावरचा तेलाचा डाग साबणाने निघतो आणि आसनावरचा निघत नाही, हा अनुभव त्यामुळेच येतो.

कापडाखाली पॉलियुरेथेन फोम असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनचा शोध लावला. आसनातील फोमची छिद्रे एकमेकांना जोडलेली असल्याने तो स्पंजाप्रमाणे पाणी पितो. कापड तासाभरात कोरडे वाटले, तरी आतला फोम अनेक दिवस ओला राहू शकतो. छताचे अस्तर याहून नाजूक असते. त्यात पातळ कापड, फोमचा पातळ थर आणि कडक पाठ हे गोंदाने जोडलेले असतात. त्यावर पाणी, वाफ किंवा विद्रावक जास्त वापरल्यास, अथवा जोराने घासल्यास, कापड सुटून लोंबू लागते आणि ते पूर्ववत करणे घरी शक्य नसते.

डागांचे स्वरूप

डाग काढण्यापूर्वी तो कशाचा आहे हे ओळखणे आवश्यक असते, कारण एका डागावरचा उपाय दुसऱ्या डागाला पक्का करू शकतो. ढोबळमानाने डागांचे पाच वर्ग करता येतात: स्निग्ध (तेल, तूप, वंगण), प्रथिनयुक्त (रक्त, अंडे, दूध, ओकारी), टॅनिनयुक्त (चहा, कॉफी, कात), रंगद्रव्ययुक्त (हळद, शाई, फळांचे रस) आणि कणरूप (माती, काजळी, गुलाल). प्रत्यक्षात मिश्र डागच अधिक असतात. दूध घातलेल्या चहात टॅनिन, प्रथिने, स्निग्धांश आणि साखर हे चारही घटक असतात. भाजीच्या रश्श्यात तेल आणि हळद एकत्र येतात.

उष्णतेबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. रक्त आणि अंडे यांतील प्रथिने गरम पाण्याने गोठून तंतूंना घट्ट धरतात. म्हणून अशा डागांवर प्रथम थंड पाणीच वापरावे. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे आतील तापमान ६० °से.च्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे सकाळी सांडलेला पदार्थ संध्याकाळपर्यंत आपोआपच ‘शिजलेला’ असतो.

सर्वसाधारण पद्धत

सांडलेला पदार्थ सर्वप्रथम टिपून घेतला जातो. त्यासाठी पांढरे, रंग न सोडणारे सुती कापड किंवा टिपकागद वापरतात. कापड डागावर दाबून उचलावे, घासू नये. घासल्याने पदार्थ तंतूंत खोल जातो आणि कापडाची लव विस्कटून तेथे कायमचा वेगळा पट्टा दिसतो. घट्ट पदार्थ बोथट चमच्याने कडेकडून मध्याकडे खरवडून काढतात. कोरडी माती किंवा पूड असल्यास निर्वात झाडू, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आधी फिरवावा. कोरड्या कणांवर पाणी टाकणे म्हणजे त्यांचा चिखल करून तो कापडात जिरवणे होय.

कोणतेही द्रावण डागावर लावण्याआधी ते न दिसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ आसनाच्या खालच्या कडेला, तपासून पाहतात. पांढऱ्या कापडाला द्रावण लावून ते त्या जागी काही मिनिटे दाबून धरावे. कापडाला आसनाचा रंग लागला, तर ते द्रावण वापरू नये. काही बदल जागा पूर्ण वाळल्यावरच दिसतात. त्यामुळे ही चाचणी घाईने उरकण्यात अर्थ नसतो.

पहिले द्रावण नेहमी सौम्य असावे. एका पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब मिसळले, तर बहुतेक ताज्या डागांना ते पुरते. भांड्यांचा द्रव साबण सहसा उदासीनतेच्या जवळ असतो, तर कपडे धुण्याची पूड बरीच अल्कधर्मी असते. शिवाय पुडीत अनेकदा वस्त्र शुभ्र दाखवणारी प्रदीपक द्रव्ये असतात. फिकट बदामी रंगाच्या आसनावर ती राहून गेल्यास डाग निघूनही त्या जागी उजळ ठिपका दिसतो आणि तो काढणे डाग काढण्यापेक्षा अवघड जाते. पारंपरिक रिठ्याचे पाणी सौम्य असले, तरी त्याची स्वतःची तपकिरी छटा असल्याने फिकट कापडावर ते टाळलेले बरे.

द्रावण थेट आसनावर ओतत नाहीत. ते कापडाला लावून, कापड पिळून, मग डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे टिपत जातात. त्यानंतर साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने साबण काढून घ्यावा. राहिलेला साबण चिकट असतो आणि धूळ धरून ठेवतो. काही आठवड्यांनी ‘डाग परत आला’ असे वाटते, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण केशाकर्षण होय. पाणी जास्त झाल्यास ते फोमपर्यंत उतरते, तेथील मळ विरघळवते आणि वाळताना तंतूंमधून वर चढून मळासह पृष्ठभागावर येते. पाणी उडून जाते, मळ कड्याच्या रूपाने मागे राहतो. असे कडे टाळण्यासाठी शेवटी शिवणीपासून शिवणीपर्यंतचा संपूर्ण भाग एकसारखा, अगदी हलका ओलसर करून टिपतात, म्हणजे ओल्या-कोरड्याची सीमारेषा कापडाच्या मधोमध पडत नाही.

विशिष्ट डाग

हळद आणि तेल. भारतीय मोटारींत आढळणारा हा बहुधा सर्वांत चिवट डाग आहे. हळदीतील कुर्क्युमीन हे रंगद्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, पण तेलात विरघळते, आणि तेलाबरोबर ते पॉलिएस्टरच्या तंतूत शिरते. पॉलिएस्टर रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंगांचे वर्तनही असेच असते. थोडक्यात, येथे कापड मळत नाही तर रंगवले जाते. त्यातच कुर्क्युमीन हे अम्ल-अल्कदर्शक आहे. अल्कधर्मी साबण लागताच पिवळा डाग तांबूस-तपकिरी होतो. कुंकू हळदीला चुना लावून करतात, त्यामागेही हीच रासायनिक क्रिया आहे. हा लालसरपणा पाहून घाबरून अधिक साबण लावला जातो आणि पाणी फोममध्ये मुरते. प्रत्यक्षात पाणी मिसळलेल्या सौम्य व्हिनेगरने टिपल्यास रंग पुन्हा पिवळा होतो.

उपायाचा क्रम असा: प्रथम मक्याचे पीठ किंवा टाल्कम पावडर टाकून तेल शोषून घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी ती व्हॅक्यूमने काढावी. मग भांड्यांच्या द्रव साबणाने उरलेले तेल टिपावे. यानंतर जो पिवळेपणा राहतो, त्यावर सर्वांत चांगला उपाय प्रकाश हा आहे. कुर्क्युमीन प्रकाशाने विघटित होते. ते दृश्य प्रकाशाचा निळा-जांभळा भागही शोषत असल्याने काचेतून येणारे ऊनसुद्धा उपयोगी पडते. डाग असलेली बाजू उन्हाकडे करून मोटार काही दिवस उभी केल्यास पिवळेपणा पुष्कळदा आपोआप मावळतो. मात्र तेल आधी निघालेले असणे आवश्यक आहे, अन्यथा उष्णतेने ते पसरते.

चहा आणि कॉफी. ताजा डाग टिपून झाल्यावर एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी यांचे मिश्रण लावतात. टॅनिन अम्लात सैल होते, तर साध्या वडीच्या साबणाने ते पक्के होऊ शकते. दुधाचा चहा असल्यास त्यानंतर द्रव साबणाचे द्रावण आणि आवश्यक वाटल्यास एंझाइमयुक्त द्रावण वापरावे.

दूध, रक्त आणि ओकारी. सांडलेले दूध दिसेनासे होते, पण वास मागे राहतो. जिवाणू दुधातील स्निग्धांशाचे विघटन करतात व त्यातून ब्युटिरिक अम्लासारखी उग्र वासाची अम्ले तयार होतात. अत्तर किंवा सुगंधी वडी ठेवून हा वास जात नाही. प्रथिने तोडणारी प्रोटिएझ आणि स्निग्ध पदार्थ तोडणारी लायपेझ ही एंझाइमे येथे उपयुक्त ठरतात. धुलाईसाठी एंझाइमांचा वापर नवा नाही. जर्मनीत ओटो रोम यांनी १९१३ साली स्वादुपिंडातून मिळवलेल्या एंझाइमांच्या धुलाई-उत्पादनाचे एकस्व घेतले होते. एंझाइमांना वेळ द्यावा लागतो: जागा पंधरा ते तीस मिनिटे ओलसर ठेवावी लागते आणि पाणी कढत असल्यास एंझाइमे निकामी होतात.

रक्ताच्या डागावर थंड पाण्यानंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. रक्तातील कॅटॅलेझ या एंझाइममुळे लगेच फेस येतो. तो टिपून घ्यावा. पेरॉक्साइड हे विरंजक असल्याने गडद कापडावर पूर्वचाचणीशिवाय लावू नये. दुसऱ्याचे रक्त साफ करताना हातमोजे अनिवार्य समजावेत. हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो, त्यामुळे वाळलेला डागही निर्धोक नसतो.

खोबरेल तेल. आसनाच्या वरच्या उशीवर, डोके टेकते तेथे, हळूहळू काळपट पट्टा तयार होतो. तो केसांच्या तेलाचा आणि त्यात अडकलेल्या धुळीचा असतो. खोबरेल तेल सुमारे २४ °से.च्या खाली थिजते. म्हणून वातानुकूलन चालू असताना किंवा थंड पाण्याने हा डाग हलत नाही. कोमट पाणी व द्रव साबण पुरेसे होते, मात्र अनेक वेळा थोडे थोडे टिपावे लागते.

फळे आणि चीक. कोकम व जांभूळ यांच्या डागांत अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्ये असतात. तीही अम्ल-अल्कदर्शक असून अल्कधर्मी साबणाने निळसर किंवा हिरवट होतात; त्यांवर आधी थंड पाणी व नंतर व्हिनेगर हा क्रम योग्य ठरतो. फणसाचा चीक पाण्याने अधिकच चिकटतो. कोकणात हाताला तेल लावूनच फणस कापतात. आसनावरही चिकावर तेलाचा अगदी थोडा बोळा फिरवून तो सैल करतात आणि मग तेलाचा डाग वरीलप्रमाणे काढतात. च्युइंग गम मात्र बर्फाने कडक करून खरवडतात.

माती आणि गुलाल. कोकणातील तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळे रंगीत असते. हा विरंजकाने उडणारा रंग नसल्याने पेरॉक्साइड किंवा ब्लीच यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. चिखल पूर्ण वाळू द्यावा, मऊ कुंचल्याने मोकळा करावा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, पाणी शेवटी. गणेशोत्सवात आसनांवर पडणाऱ्या गुलालाला हाच नियम अधिक कडकपणे लागू होतो. कोरडा असेपर्यंत तो जवळजवळ पूर्ण निघतो. ओला हात लागला की त्यातील रंग कापडात उतरतो.

बॉलपेनच्या शाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याने, प्रत्येक वेळी बोळा बदलून, लावतात. नखपॉलिशसाठीचे अ‍ॅसिटोन पॉलिएस्टरला सहसा अपाय करत नाही, पण शेजारच्या प्लॅस्टिकवर एक थेंब पडला तरी तो भाग विरघळून खडबडीत होतो.

सुरक्षितता

क्लोरीनयुक्त ब्लीच मोटारीत वापरू नये. ते कापडाचा रंग उडवते आणि नायलॉन व पॉलियुरेथेन पिवळे व ठिसूळ करते. त्याहून गंभीर बाब म्हणजे इतर द्रव्यांशी त्याचा होणारा संयोग. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा शौचालय स्वच्छ करण्याचे हायड्रोक्लोरिक अम्लयुक्त द्रव मिसळल्यास क्लोरीन वायू, तर अमोनियायुक्त द्रव मिसळल्यास क्लोरअमाइन वायू निर्माण होतात. दोन्ही वायू फुप्फुसांना इजा करतात. मोठ्या खोलीत जे प्रमाण केवळ झोंबते, ते बंद मोटारीत घातक ठरू शकते. एकामागोमाग दोन द्रावणे लावायची असल्यास मध्ये साध्या पाण्याने टिपून घेणे याचसाठी आवश्यक असते. तसा वास आल्यास सर्व दारे उघडून ताबडतोब बाहेर पडावे आणि श्वासाचा त्रास झाल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावण्याची प्रथा धोकादायक नाही, पण निरुपयोगी आहे. दोन्ही एकमेकांना उदासीन करतात. दिसणारा फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि उरते ते सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी. सोडा वेगळा, कोरडा भुरभुरून रात्रभर ठेवल्यास अम्लयुक्त वास कमी करतो; व्हिनेगर वेगळे वापरल्यास चहाच्या डागावर चालते.

वंगणाच्या डागावर पेट्रोल किंवा रॉकेल चोळण्याची जुनी सवय अजून आढळते. पेट्रोल उणे ४० °से.च्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ देते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती मोटारीच्या तळाशी साचते, आणि कृत्रिम कापड घासताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेची ठिणगीही तिला पुरते. रॉकेलपासून सुमारे ३८ °से.च्या पुढे ज्वालाग्राही वाफ निघू लागते. उन्हातल्या मोटारीत हे तापमान सहज ओलांडले जाते. अल्कोहोलचा वापरही दारे उघडी ठेवून, प्रज्वलन बंद करून आणि थोड्या प्रमाणातच करावा.

अनेक मोटारींत पुढच्या आसनांच्या बाहेरील कडेला एअरबॅग, बैठकीखाली प्रवासी ओळखणारे संवेदक आणि काहींत तापक तारा असतात. एअरबॅगच्या तारा व जोडण्या सहसा पिवळ्या रंगाच्या असतात. आसनाखाली अशा जोडण्या दिसल्यास त्या ओल्या करू नयेत आणि सफाईसाठी सोडवूही नयेत. आसन काढणे आवश्यक वाटल्यास ते प्रशिक्षित तंत्रज्ञाचे काम आहे.

सीटबेल्टचा विचार डागापेक्षा ताकदीच्या दृष्टीने करावा लागतो. पट्टा पॉलिएस्टरच्या घट्ट विणीचा असतो आणि अपघातात माणसाचा संपूर्ण भार त्यावर येतो. ब्लीच, तीव्र अम्ले, विद्रावके आणि रंग यांनी त्याचे तंतू कमकुवत होतात व ही झीज डोळ्यांना दिसत नाही. पट्टा पूर्ण बाहेर ओढून केवळ सौम्य साबण व कोमट पाण्याने पुसावा आणि पूर्ण वाळेपर्यंत आत गुंडाळू देऊ नये. लहान मुलांच्या सुरक्षा-आसनाच्या पट्ट्यांनाही हेच लागू आहे. डाग राहिलेला पट्टा वापरण्यास हरकत नसते. विण उसवलेला किंवा रसायनाने विटलेला पट्टा मात्र बदलावा लागतो.

वाळवणे आणि बुरशी

ओलसर फोमवर एक-दोन दिवसांत बुरशी वाढू लागते. कोकण, मुंबई आणि गोवा येथील पावसाळी हवेत आर्द्रता इतकी असते की दारे उघडी ठेवूनही आसन वाळत नाही. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये संपूर्ण आसन शांपूने धुण्यापेक्षा तेवढाच डाग टिपून काढणे आणि मोठी सफाई कोरड्या ऋतूपर्यंत पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते. ओले शोषणारे व्हॅक्यूम यंत्र, पंखा आणि मोटार चालू असताना बाहेरची हवा न घेता चालवलेले वातानुकूलन यांनी ओलावा कमी होतो. बंद गॅरेजमध्ये मात्र या कारणासाठी इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. बुरशीचे ठिपके दिसल्यास मुखपट्टी लावून, मोटार उघड्यावर नेऊन ती जागा साफ करावी, कारण कोरडी बुरशी झटकल्यास तिचे बीजाणू हवेत पसरतात.

घरगुती सफाईच्या मर्यादा

शहरांतील धुलाई-केंद्रांत ‘ड्राय क्लीनिंग’ या नावाने मिळणारी सेवा बहुधा निर्जल धुलाई नसते. फेसाळ शांपू लावून तो यंत्राने ओढून घेतला जातो. तीत पाणी किती वापरले जाते आणि आसने किती तास वाळवली जातात, हे आधी विचारणे इष्ट असते. गंजाचे डाग, जुने रंगद्रव्याचे डाग आणि छताच्या अस्तरावरचे मोठे डाग अनुभवी कारागिराकडे सोपवावेत. गंजासाठी वापरले जाणारे ऑक्झॅलिक अम्ल विषारी आहे.

पुराचे पाणी शिरलेली मोटार या विषयाच्या कक्षेबाहेर जाते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा रस्त्यांवरच्या असंख्य मोटारी आसनांपर्यंत बुडाल्या होत्या. अशा पाण्यात सांडपाणी, इंधन आणि गाळ मिसळलेला असतो. कापड स्वच्छ दिसू लागले तरी फोम दूषित राहतो, आणि गालिच्याखालील नियंत्रक व जोडण्या काही महिन्यांनी गंजून बंद पडू शकतात. तेथे गालिचा व फोम बदलणे आणि सुरक्षा-यंत्रणेची तपासणी करून घेणे हाच उपाय असतो. वापरलेली मोटार विकत घेताना गालिच्याखाली वाळलेला गाळ, आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या टोकाशी दिसणारी पाण्याची रेषा या तीन गोष्टी तपासतात, कारण या जागा नव्या आसनाच्या कापडाने झाकल्या जात नाहीत.